बुटाला तेल

बिराजदारांच्या घरात रागवायची परवानगी वयाप्रमाणे होती. अप्पा कुणावरही रागावू शकत. त्यांच्या पत्नी अव्वा, अप्पा सोडून कुणावरही. मुलगा उमाशंकर भाव पडला की रागवायचा, आणि लातूरच्या आडत बाजारात भाव रोजच पडतो, त्यामुळे तो रोजच रागवायचा. सुकन्या त्याच्याशी लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगण्यात आलं होतं, की नव्या माणसाला सुरुवातीला थोडं ॲडजस्ट करून घ्यावं लागतं. त्याला तेवीस वर्षं झाली. ती अजून नवीच होती.

ती निलंग्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची. रोज एसटीनं जाणं-येणं. दिवाळीनंतर एकदा निलंग्याच्या स्टँडवर तिच्या डोळ्यांदेखत लातूरची गाडी हलली. दुसरी गाडी कधी येईल हे महामंडळालाही ठाऊक नव्हतं. सुकन्यानं पर्स काखेत मारली, निऱ्या मुठीत धरल्या आणि पळत सुटली. फाटकापाशी गाडी गाठली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, अशाच औशापर्यंत आल्या असत्या तर तिकीट वाचलं असतं की!" गाडी हसली. सुकन्या दांडी धरून धापा टाकत उभी राहिली, आणि तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. तिला अजून पळावंसं वाटत होतं.

दुसऱ्याच आठवड्यापासून ती पहाटे उठून क्रीडा संकुलात जायला लागली. पळायची थोडं, चालायची जास्त. घरात कुणी अडवलं नाही. चहा वेळेवर होत होता, डबे भरले जात होते, मग अडवायचं कशासाठी? फक्त अव्वांनी उदगीरच्या आपल्या नणंदेला फोनवर कौतुकानं सांगितलं, "सून आमची आता सकाळची पळती बघा." पलीकडून घाबरलेला प्रश्न आला, "अय्यो, कुणासंगं?" त्यानंतर अव्वांनी हा विषय कुणाकडं काढला नाही.

पायात होते कॉलेजच्या संचलनातले पांढरे कापडी बूट. गुडघे बोलायला लागले. संकुलात येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पळायचे वेगळे बूट घ्या, नाहीतर पळणं सोडा. नांदेडहून सुकन्याच्या धाकट्या बहिणीचा, शिवगंगाचा, फोन आला की तिकडं बायकांची पाच किलोमीटरची दौड आहे, मी तुझं नाव देऊन टाकलंय, ये. सुकन्या नको नको म्हणाली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच उभी राहिली. आजवर ती शिकली ती नोकरीसाठी, नोकरी केली ती घरासाठी, अगदी उपाससुद्धा कुणाच्या तरी तब्येतीसाठी धरले. ही दौड मात्र घरातल्या एकाही माणसाच्या उपयोगाची नव्हती. असलं काही तिच्याकडं पहिल्यांदाच येत होतं. ते तिला हवं होतं.

बूट घ्यायला उमाशंकर बरोबर आला. तो येणारच. मार्केट यार्डात पोत्यात हात घालून सोयाबीनचा ओलावा सांगणारा माणूस, बायको एकटी बूट घेते म्हणजे काय? दुकानातल्या मुलीनं सुकन्याच्या पायात बूट घातला, पुढं अंगठा दाबून बघितला आणि म्हणाली, "मॅडम, एक नंबर मोठा घ्या. पळताना पाय फुगतो. पुढं बोटभर जागा पायजे."

"मोठा कशाला?" उमाशंकर म्हणाला. "पाय काय आता वाढणार हाय का त्यांचा?"

"सर, पळायच्या बुटाचं माप वेगळं असतं."

"मापाचं मला सांगू नका ताई, माझा धंदाच मापाचा हाय." त्यानं बूट उचलला, वाकवला, नाकाशी नेला, टाच दाबली. कुठल्या बाजारातनं माल आला हे विचारायचं तेवढं राहिलं. मग निकाल दिला, "बसतोय की बरोबर. सुरुवातीला थोडा दाबंल. होतो ॲडजस्ट."

सुकन्याच्या करंगळीनं आतून सांगितलं, हा नको. सुकन्या म्हणाली, "बघा, तुम्हाला ठीक वाटतंय तर." हे वाक्य तिच्या तोंडून इतक्या सराईतपणे आलं की तिलाच आपला राग आला. पण बिल झालं होतं.

दुकानातल्या मुलीनं जाता जाता एक सल्ला दिला. "एकदम पळू नका हं यात. आठ दिवस घरातल्या घरात घालून फिरा. पायाला सवय होऊ द्या."

त्या बिचारीला बिराजदारांचं घर माहीत नव्हतं. या घरात पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. अप्पा रोज सकाळी लिंगपूजा करून, कपाळावर विभूतीची बोटं ओढून बाहेर येतात, ते दारातच वहाणा घालतात आणि दारातच काढतात. खुद्द जावयाचे बूट बाहेर पावसात भिजले होते, पण आत आले नव्हते.

"नवे हायत, अव्वा. रस्त्याला लागलेच न्हाईत अजून," सुकन्यानं सांगून बघितलं.

"नवं असलं म्हणून काय देव्हाऱ्यात ठिवायचं का?" अव्वा म्हणाल्या. "पायात गेलं की पायताण."

म्हणून सुकन्या गच्चीवर फिरली. बूट हातात घेऊन जिना चढायचा, गच्चीवर घालायचे, टाकीपासून कठड्यापर्यंत चकरा मारायच्या. शेजारच्या गच्चीवरच्या बाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "काही नवस हाय का ताई?"

बूट चावायला लागला. आधी करंगळीला, मग टाचेला. टाचेचा फोड फुटला, त्यावर पट्टी लावली, पट्टी बुटात गोळा होऊन दुसरीकडं फोड आला. संकुलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाड मोजे घाला, नाडी वरच्या भोकातनं अशी वळवून बांधा, टाच आत सरकणार नाही. सुकन्यानं तसं केलं. थोडा फरक पडला. शनिवारपर्यंत तिला एवढं कळलं होतं की हा बूट मैत्री करणार नाही, पण जाड मोज्यात, नीट नाडी बांधून, पाच किलोमीटरपुरता तरी तह करील. तिचा हिशेब तिनं तिच्या पायानं मांडला होता. त्यात दुसऱ्या कुणाचा पाय नव्हता.

संध्याकाळी ती लंगडत कणीक मळायची तेवढं मात्र घरानं बघितलं होतं. आणि या घरात कुणी कुणाचं दुखणं बघितलं की त्याच्यावर इलाज करून मोकळं होतात. ज्याचं दुखतं त्याला विचारत बसत नाहीत.

शनिवारी अर्धा दिवस कॉलेज करून सुकन्या घरी आली. चारच्या गाडीनं नांदेडला जायचं होतं, रात्री शिवगंगाकडं मुक्काम, सकाळी दौड. दारातल्या मांडणीवर बूट नव्हते.

अप्पा ओसरीवर उन्हात बसले होते. समोर वाटी. हातात जुन्या धोतराचं फडकं. एक बूट उन्हात ठेवलेला, तळलेल्या पुरीसारखा चमकत होता. दुसरा अप्पांच्या मांडीवर होता आणि अप्पा त्याच्या टाचेत बोट घालून, लहान पोराच्या टाळूला चोळावं तसं तेल जिरवत होते.

"आलीस? बघ," अप्पा म्हणाले. "आता चावंल का सांग मला."

सुकन्या बघतच राहिली. बूट आकाशी रंगाचे होते. होते. आता ते डबक्याच्या रंगाचे झाले होते. जाळीतून तेल पाझरून खाली पांढऱ्या तळव्यावर पिवळे ओघळ उतरले होते.

"अप्पा, हे काय केलं?"

"तेल दिलं. घाण्याचं हाय, दुकानातलं न्हाई. चाळीस वर्षं झाली वहाणा घालतोय, एक फोड दाखव पायाला." त्यांनी खरंच पाय पुढं केला. "नवं कातडं हाय, तेल मागतंय. तू तसंच कोरडं घालून हिंडून राहिलीस. कसं न्हाई चावायचं?"

"हे कातडं न्हाई, अप्पा."

"मग काय हाय?"

सुकन्यानं तोंड उघडलं. भूगोलाच्या बाईला मोसमी वारे समजावता येतात, पण जाळीचं कापड आणि फोम म्हणजे काय हे कपाळावर विभूती लावून, हात तेलकट करून, मायेनं तिच्याकडं बघणाऱ्या म्हाताऱ्याला कसं सांगायचं, हे तिला सुचेना. तिनं मांडीवरचा बूट काढून घेतला. आतलं पातळ गादीसारखं अस्तर दाबलं. त्यातून बुळबुळ करत तेल वर आलं. परवा भजी तळायला तिनंच आणून ठेवलेलं करडईचं तेल.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"त्यात काय विचारायचं?" अप्पांना खरोखर नवल वाटलं.

आतून अव्वा आल्या. "काय झालं?"

"बुटाला तेल दिलं," अप्पा म्हणाले.

"बरं केलं की," अव्वा म्हणाल्या.

सुकन्यानं उमाशंकरला फोन लावला. मागं हमालांचा गलका होता. तिनं सांगितलं. पलीकडून आधी हसू आलं, मग, "अगं, म्हातारा माणूस. मायेनं केलं. पुसून घे फडक्यानं. एक दिवसाचा प्रश्न, घे ॲडजस्ट करून."

तेवीस वर्षांत त्या शब्दानं तिचं काय काय केलं नव्हतं? सकाळची झोप, माहेरची दिवाळी, पीएच.डी.चा अर्ज, करंगळी. एकेक गोष्ट आली होती आणि त्या शब्दाखाली गप्प बसली होती. आज ती गप्प बसली नाही. सुकन्या ओसरीवर उभी राहून, शेजारच्या गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली.

"कुणाला ॲडजस्ट करून घेऊ आता? सासू झाली, सासरा झाला, तुमचं दुकान झालं, तुमचं माप झालं! एक बूट तेवढा म्हणलं माझ्या पायाला ॲडजस्ट होऊ दे, तर त्याचीबी भजी केली तुम्ही!"

फोनमधला गलका अचानक ऐकू येईनासा झाला. बहुधा हमालही ऐकत असावेत.

"अगं, पण मायेनं—"

"माया मला विचारून करा!"

तिनं फोन बंद केला. अप्पांनी वाटी हळूच बाजूला सरकवली आणि फडक्यानं एकेक बोट पुसायला लागले. अव्वांनी चहा आणला. अप्पांनी घेतला नाही. अव्वांनी कप उचलला आणि आत जाता जाता, भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, "म्हातारा माणूस. बिनचहाचा बसला."

आता सगळे नियमाप्रमाणे सुकन्याच्या माफीची वाट बघू लागले. या घरात चूक कुणाचीही असो, जो मोठ्यानं बोलतो तो चुकतो, फक्त तो सून असला पाहिजे. सुकन्यानं बूट भांड्यांच्या पावडरीनं घासले, तेल पसरलं. पिठानं पुसले, लगदा झाला. शेवटी साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबले आणि पाया न पडता चारच्या गाडीत बसली. कुठंही जाताना पाया न पडण्याची तिची ही पहिलीच वेळ. अहमदपूर येईपर्यंत तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. गाडीत शेजारची बाई पिशवीकडं बघून म्हणाली, "लेकीला फराळ का?"

नांदेडला शिवगंगानं बूट बघितले आणि आधी पोट धरून हसली, मग सुकन्याचा चेहरा बघून आवरलं. "माझे घाल," म्हणाली. तिचे दोन नंबर लहान. दुकानं धुंडाळली. कोऱ्या बुटात उद्या पळायचं म्हणजे पुन्हा नवे फोड. सुकन्यानं हातात घेतलेला नवा जोड परत ठेवला. रात्री जेवताना शिवगंगा हळूच म्हणाली, "ताई, ते सगळं ठीक हाय, पण जरा जास्त बोललीस का गं तू? अप्पांनी काय वाईट करायला—"

"तूबी?" सुकन्या म्हणाली. शिवगंगानं तिच्या ताटात भाकरी वाढली आणि विषय बदलला.

सकाळी गोदावरीकाठी बायकाच बायका. गुलाबी टी-शर्ट, कुणाच्या नऊवारीवर टी-शर्ट, कुणाच्या डोक्यावर टोपी. निवेदक सगळ्यांना 'रणरागिणी' म्हणत होता आणि मग लगेच 'बाजूला सरका, प्रमुख पाहुणे येऊन राहिले' म्हणत होता. पाहुणे आले, भाषण झालं, स्त्रीनं घर सांभाळून आरोग्यही सांभाळावं असं त्यात होतं. 'घर सांभाळून' ऐकताना सुकन्यानं तेलकट बुटाची नाडी अशी आवळली की करंगळी कळवळली. झेंडा हलला.

ती रागानं पळाली. पाहुण्यांवर राग, मापावर राग, वाटीवर राग. नवख्या माणसानं सावकाश सुरुवात करावी हे तिला माहीत होतं, पण सावकाशपणा ती घरी ठेवून आली होती. ऊन चढायला लागलं तसे बूट तापले आणि बोलू लागले. पावलागणिक पच् पच्. रस्त्याची सगळी धूळ त्यांना चिकटली. मागून येणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, "अगं, कुठंतरी भजी तळून राहिले वाटतं."

"सकाळी सकाळी?"

"वास बघ ना. मला तर भूकच लागून राहिली."

त्या दोघी वासाच्या शोधात तिला मागं टाकून पुढं गेल्या आणि वास नाहीसा झाल्यामुळं गोंधळल्या. सुकन्या वेग वाढवून पुन्हा त्यांच्या पुढं गेली. "आला, आला," मागून आवाज आला. एक कुत्रंही थोडा वेळ तिच्या बरोबरीनं पळालं.

पुलापाशी तिला दम लागला. ती चालायला लागली. आणि चालताना तिच्या लक्षात आलं, की आपण अजून टाचेचा विचारच केलेला नाही.

तिनं टाचेकडं लक्ष दिलं. टाच गप्प होती. तिनं मुद्दाम टाच बुटाच्या काठावर घासून बघितली. ती सुळ्ळकन खाली-वर झाली. मोजा तेलानं भिजलेला, अस्तर तेलानं भिजलेलं, घासायला कोरडं असं काही उरलंच नव्हतं. करंगळी ठणकत होती, ती उमाशंकरच्या मापामुळं. पण टाच, जिच्यासाठी म्हाताऱ्यानं वाटी घेतली होती, ती चावत नव्हती.

सुकन्या भर पुलावर थांबली. इतका संताप तिला काल ओसरीवरही आला नव्हता. बूट बिघडला, रंग गेला, वासानं कुत्रं मागं लागलं, इथपर्यंत तिची बाजू स्वच्छ होती. आता हे! तिनं बुटाकडं असं बघितलं, जणू त्यानं फितुरी केली आहे. आणि मग उरलेलं अंतर ती पळाली. मधे दोनदा चालली, पण पळाली. शेवटच्या कमानीखाली शिवगंगा किंचाळत उभी होती. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. सुकन्या वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून हसली की रडली, ते शिवगंगालाही नीट कळलं नाही. भज्यांच्या वासात ते लपलं.

फोन वाजला. उमाशंकरचा नंबर, पण आवाज अप्पांचा. अप्पा मोबाइलवर बोलताना नदीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलत.

"झालं का पळून?"

"हाव."

"चावला का?"

सुकन्यानं डोळे मिटले. तिच्याकडं एकच हत्यार होतं आणि ते खोटं होतं.

"लई चावला," ती म्हणाली.

मग अप्पा, काळजीनं, "म्हणलंच मी. आतल्या कोपऱ्याला बोट पोचलं नव्हतं. तू वरडलीस, तसंच ऱ्हायलं ते. काही काळजी करू नको. ये तू. आता एरंडाचं देतो. दोन दिवस उन्हात."

पुढची सगळी वर्षं सुकन्याला त्या क्षणी दिसली. एरंडाची वाटी, मग तिळाची, मग कुणीतरी सांगितलेली आणखी कसली, आणि प्रत्येक वेळी ओसरीवर कुणीतरी मायेनं वाट बघत बसलेलं.

"अप्पा, खोटं बोलले मी," ती म्हणाली. "टाच चावली न्हाई. अजिबात न्हाई."

"हाव का?" अप्पांचा आवाज एकदम उजळला. फोन तोंडापासून लांब गेला. "अगं ऐकलंस का, चावला न्हाई म्हणं! मी सांगत नव्हतो?"

"अप्पा, माझं झालं न्हाई अजून."

"बोल की."

"चावला न्हाई, तरी बी परत माझ्या बुटाला हात लावायचा न्हाई. तुम्हीबी न्हाई, ह्यांनीबी न्हाई. तेल न्हाई, माप न्हाई, काही न्हाई."

"चावला न्हाई म्हणतीस ना? मग हात का न्हाई लावायचा?"

"माझा हाय म्हणून."

अप्पांना ते पटलं नव्हतं. कातडं नसलेल्या बुटाइतकंच ते त्यांना नवं होतं. शेवटी ते म्हणाले, "बरं," आणि फोन कसा बंद करायचा ते विचारायला उमाशंकरला हाक मारली.

संध्याकाळी सुकन्या लातूरला पोचली. अप्पा ओसरीवर होते. हातात चहाचा कप होता, वाटी नव्हती. त्यांनी पदक हातात घेऊन उलटंपालटं केलं, वजन बघितलं. उमाशंकर काहीतरी गमतीचं बोलणार होता, तो सुकन्याकडं बघून उद्याच्या भावाकडं वळला.

सुकन्यानं पिशवीतून बूट काढले. मांडणीवर ठेवले नाहीत. उंबरा ओलांडून आत गेली, कपाट उघडलं, इरकली साड्यांच्या खालच्या कप्प्यात वर्तमानपत्र पसरून त्यावर बूट ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दारात अव्वा उभ्या होत्या. एक हात गालावर. "अय्यो! पायताण कपाटात?"

"हाव," सुकन्या म्हणाली.

अव्वा तिथंच उभ्या राहिल्या. सुकन्या काही समजावून सांगेल, म्हणून. ती कणीक मळायला गेली. सोमवारी इरकल नेसून ती निलंग्याला वर्गात गेली, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींकडं बघून नाकं वर केली आणि एकीनं धीर करून विचारलं, "मॅडम, आज डब्यात भजी का?"

"नकाशे काढा," सुकन्या म्हणाली.